शानदोंग कोणत्या डोंगराच्या पूर्वेला? चीनच्या प्रदेशनावांची गोष्ट

आजचा विषय चीनचा आहे, पण सुरुवात जिंजीपासून करतो. १६७७ साली शिवाजी महाराजांनी जिंजीचा किल्ला घेतला. जुन्या मराठी लेखनात या मोहिमेला ‘कर्नाटकची स्वारी’ म्हटलंय. तुमच्यापैकी जे चेन्नईला किंवा तंजावरला राहतात त्यांना ठाऊक आहे की जिंजी तमिळनाडूत आहे. मग लिहिणाऱ्यांचा भूगोल कच्चा होता का? अजिबात नाही. त्या काळी घाटाखालच्या त्या मुलखालाही कर्नाटकच म्हणत. अर्काटचा नवाब इंग्रजांच्या कागदपत्रांतही ‘कर्नाटकचा नवाब’च आहे. आणि आज आपण ज्याला कर्नाटक म्हणतो, त्या राज्याचं नाव १९७३ पर्यंत म्हैसूर होतं. नाव जागेवरून सरकलं. आजचा नकाशा समोर ठेवून जुना मजकूर वाचला की घोटाळा ठरलेला.

चीनमध्ये हाच प्रकार कितीतरी मोठ्या प्रमाणावर झालाय. कारण तिथली बरीचशी प्रदेशनावं ही मुळात नावंच नाहीत, दिशा आहेत. पाच-सहा शब्द लक्षात ठेवा, निम्मा नकाशा वाचता येईल. दोंग म्हणजे पूर्व, शी म्हणजे पश्चिम, नान दक्षिण, बेई उत्तर. शान म्हणजे डोंगर. हे म्हणजे नदी, आणि जुन्या काळी नुसतं ‘हे’ म्हटलं की पीत नदी, ह्वांग हे. च्यांग म्हणजेही नदी, पण दक्षिणेतली, म्हणजे आपण जिला यांगत्से म्हणतो ती. हू म्हणजे तळं. ग्वान म्हणजे खिंडीतला नाका, जिथे दरवाजा असतो आणि पहारा असतो.

आता जोड्या लावा. शानदोंग, डोंगराच्या पूर्वेला. शानशी, डोंगराच्या पश्चिमेला. हेनान, नदीच्या दक्षिणेला. हुबेई, तळ्याच्या उत्तरेला. सोपं वाटतं ना? अडचण एवढीच, की ‘पूर्वेला’ हा शब्द बोलणारा कुठे उभा आहे हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. आणि कोणता डोंगर, हेही नावात लिहिलेलं नसतं.

शानदोंगपासून बघू. आजचा शानदोंग प्रांत समुद्राकाठी आहे, बीजिंगच्या दक्षिणेला. कन्फ्यूशियसचं जन्मगाव छूफू तिथलंच. पण इसवीसनापूर्वीच्या चौथ्या-तिसऱ्या शतकात, जेव्हा सात राज्यं एकमेकांशी लढत होती, तेव्हा ‘शानदोंगची सहा राज्यं’ असा शब्दप्रयोग होता. सातातली सहा! म्हणजे जवळजवळ अख्खा चीन. हा प्रयोग कुणाच्या नजरेतून आहे? सातव्या राज्याच्या, छिनच्या. छिन पश्चिमेला, आजच्या शीआन शहराच्या आसपास होतं. त्याच्या पूर्वेला श्याव डोंगराची रांग. रांगेपलीकडचे ते सगळे ‘शानदोंग’. पुढे छिनने ती सहाही राज्यं जिंकली, इ. स. पूर्व २२१ मध्ये एक साम्राज्य झालं, आणि जिंकणाऱ्याची दिशा भाषेत रुजली.

त्यानंतरच्या हान काळात एक म्हण पडली, की शानदोंगमधून मंत्री येतात आणि शानशीमधून सेनापती. आजचा नकाशा घेऊन कुणी ही म्हण वाचली तर तो म्हणेल, अच्छा, सेनापती शानशी प्रांतातले. चूक. इथे शानशी म्हणजे त्याच श्याव डोंगराच्या पश्चिमेचा मुलूख, आजच्या भाषेत शाआनशी आणि गान्सू. ली ग्वांग हा त्या काळचा गाजलेला सेनापती, तो आजच्या गान्सूचा. आजचा शानशी प्रांत वेगळ्याच डोंगराच्या पश्चिमेला आहे, थायहांगच्या. हा थायहांग उत्तर-दक्षिण पसरलेला. राजधान्या पूर्वेकडे सरकू लागल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोरचा ‘डोंगर’ बदलला, पण शब्द तोच राहिला. बाराव्या शतकात उत्तर चीनवर जुर्चेन लोकांचं राज्य होतं. त्यांनी ‘शानदोंग पूर्व’ आणि ‘शानदोंग पश्चिम’ असे दोन सुभे केले, आणि तेव्हापासून हे नाव समुद्राकाठच्या त्या तुकड्याला चिकटलं ते आजतागायत. (आणि हो, शानशी आणि शाआनशी हे दोन वेगळे शेजारी प्रांत आहेत. चिनी उच्चारात फरक फक्त सुरांचा आहे. रोमन लिपीत गोंधळ नको म्हणून एकाला जादा ‘आ’ दिलाय. टंकलेखनाची सोय, दुसरं काही नाही.)

आता खिंडीकडे वळू, कारण खिंडीची गोष्ट मला स्वतःला फार आवडते. छिन आणि हान, दोघांच्याही राजधान्या पश्चिमेच्या त्या खोऱ्यात होत्या. खोऱ्यात शिरायचं तर हानगू नावाच्या खिंडीतून जावं लागे. खिंडीच्या आतला मुलूख तो ग्वानचोंग, म्हणजे खिंडीच्या आत, सुरक्षित, राजाचा. बाहेरचा तो ग्वानदोंग, खिंडीच्या पूर्वेचा. आत-बाहेर हा प्रतिष्ठेचा मामला झाला. यांग फू नावाचा एक सेनापती होता. पराक्रमी, पण जन्माने खिंडीबाहेरचा. त्याला म्हणे याची लाज वाटायची. त्याने सम्राट वू याला विनंती केली, खिंडच हलवा. आणि इ. स. पूर्व ११४ मध्ये हानगूचा नाका खरोखर शंभर किलोमीटरहून जास्त पूर्वेला नेऊन बसवला. नाका हलवला हे नक्की. सेनापतीच्या लाजेखातर हलवला, ही मागाहूनच्या टीकाकाराने सांगितलेली गोष्ट. खरं कारण बहुधा राजधानीभोवतीचा ताबा वाढवणं हेच असणार. पण गोष्ट टिकली, कारण ती ऐकणाऱ्याला पटते. एका रात्रीत कित्येक गावं ‘बाहेरची’ होती ती ‘आतली’ झाली असतील, जागची न हलता.

ग्वानदोंग हा शब्द पुढे आणखी लांब गेला. मिंग घराण्याने १३८१ मध्ये चीनच्या भिंतीच्या समुद्राकडच्या टोकाला शानहाय नावाचा नाका बांधला. मग ‘खिंडीच्या पूर्वेला’ म्हणजे या नाक्याच्या पलीकडे, अर्थात मांचुरिया. छिंग काळाच्या अखेरीला शानदोंग आणि हेबेईकडचे लाखो गरीब शेतकरी पोटासाठी तिकडे गेले. त्या स्थलांतराला आजही ‘ग्वानदोंगमध्ये घुसणं’ म्हणतात. रशियाकडून १९०५ मध्ये जपानने मांचुरियाच्या दक्षिण टोकाचा भाडेपट्टा घेतला, त्या तुकड्याला नाव पडलं क्वांतुंग, आणि तिथल्या जपानी फौजेला क्वांतुंग आर्मी. याच फौजेने १९३१ मध्ये मांचुरिया गिळला. दुसऱ्या महायुद्धावरची पुस्तकं वाचताना कित्येक जण समजतात की ही फौज कँटनची, दक्षिणेतल्या ग्वांगदोंग प्रांताची. दोन्ही जागांमध्ये दोन हजार किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. हानच्या राजधानीजवळचा एक शब्द, आणि तो जाऊन बसला कोरियाच्या शेजारी.

नद्यांकडे येऊ. इथे प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे.

यांगत्से पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, हे आपण शाळेत शिकलो. पण नानजिंगच्या अलीकडे ती चांगलीच उत्तरेकडे वळते. म्हणजे त्या पट्ट्यात नदीचे काठ उत्तर-दक्षिण नसून पूर्व-पश्चिम पडतात. म्हणून जुन्या काळी नानजिंग-सूचौकडच्या मुलखाला च्यांगदोंग म्हणत, नदीच्या पूर्वेचा. इ. स. पूर्व २०२ मध्ये श्यांग यू हा योद्धा सर्वस्व हरून याच नदीच्या काठाशी येऊन थांबला. पलीकडे त्याचं च्यांगदोंग होतं, नावाडी तयार होता. पण तिथून आठ हजार तरुण घेऊन निघालो, एकही परत येत नाही, त्यांच्या आईबापांना काय तोंड दाखवू, असं म्हणून त्याने नदी ओलांडली नाही, अशी कथा आहे. चीनमध्ये आजही ही शाळकरी पोरांना माहीत असते.

च्यांगदोंग पूर्वेचा, तर च्यांगशी पश्चिमेचा असणार. आणि तसंच होतं. हान काळी च्यांगशी म्हणजे नदीच्या त्या वळणाच्या पश्चिमेचा भाग, आजच्या अनहुई प्रांताचा मधला हिस्सा. आता आजचा नकाशा काढा. च्यांगशी प्रांत कुठे आहे? नदीच्या दक्षिणेला! नावाने नदी ओलांडली कशी? तर थांग सम्राटांनी ६२७ मध्ये साम्राज्याचे दहा मोठे विभाग केले. त्यातल्या एकाचं नाव च्यांगनान, नदीच्या दक्षिणेचा. तो इतका अवाढव्य होता की ७३३ मध्ये त्याचे तुकडे पाडावे लागले, त्यातले दोन च्यांगनान पूर्व आणि च्यांगनान पश्चिम. ‘च्यांगनान पश्चिम’ बोलताना कोण एवढं लांबलचक म्हणणार? मधला शब्द गळला आणि उरलं च्यांगशी. म्हणजे आजच्या च्यांगशीचा अर्थ ‘नदीच्या पश्चिमेला’ असा नाहीच. ‘नदीच्या दक्षिणेच्या मुलखाचा पश्चिम भाग’ असा आहे. शब्द जुळला, अर्थ बदलला.

आणि खुद्द च्यांगनान? १६४५ मध्ये छिंग घराण्याने त्याच नावाचा प्रांत केला आणि त्यात नदीच्या उत्तरेचाही केवढा तरी मुलूख घातला, पार ह्वाय नदीच्या पलीकडे शूचौपर्यंत. ‘नदीच्या दक्षिणेचा’ नावाचा प्रांत, आणि नदी त्याच्या मधून वाहतेय. पुढे त्याची फाळणी होऊन च्यांगसू आणि अनहुई झाले. दोन्ही नावं शहरांची आद्याक्षरं जोडून केलेली आहेत. च्यांगनिंग आणि सूचौ मिळून च्यांगसू, आन्छिंग आणि हुईचौ मिळून अनहुई. सरकारी कारकुनाचं डोकं, सगळीकडे सारखंच चालतं.

प्रांत गेला, पण च्यांगनान हा शब्द मेला नाही. आज चिनी माणूस च्यांगनान म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर सूचौ-हांगचौचे कालवे, पांढऱ्या भिंती आणि काळी कौलं, रेशीम, चहा, पावसाची रिपरिप हे येतं. दक्षिणेकडचे हुनान, च्यांगशी हे भौगोलिकदृष्ट्या नदीच्या दक्षिणेलाच आहेत, पण त्यांना या च्यांगनानमध्ये सहसा कुणी धरत नाही. शब्दाला दिशेचा अर्थ होता, तो आता सुखवस्तूपणाचा झालाय.

याची दुसरी बाजू शांघायमध्ये दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शांघाय वाढलं, गिरण्या आल्या, गोदी आली. कामासाठी माणसं आली ती मुख्यतः दोन दिशांनी. दक्षिणेकडून निंगबो-सूचौची, ती व्यापारात, दुकानांत, बँकांत. उत्तरेकडून, म्हणजे यांगत्सेच्या पलीकडच्या च्यांगसूमधून, आली ती पूर आणि दुष्काळाने गांजलेली, आणि त्यांच्या वाट्याला रिक्षा ओढणं, हमाली, न्हावीकाम, मैला वाहणं. या उत्तरेच्या लोकांना ‘सूबेई’ किंवा ‘च्यांगबेई’ म्हणत. आणि हळूहळू हा शब्द शिवी झाला. मुंबईत ‘घाटी’ शब्दाचं जे झालं, तेच. घाटावरून आलेला तो घाटी, यात वाईट काय आहे? काहीच नाही. पण कोण म्हणतो आणि कुठल्या सुरात म्हणतो, यावर सगळं आलं. एमिली होनिग या अमेरिकन इतिहासकार बाईंनी शांघायच्या सूबेई लोकांवर १९९२ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलंय. त्यांचं म्हणणं असं, की सूबेई नावाचा ठरीव प्रदेश मुळात कुठे नव्हताच. या लोकांच्या गावांच्या बोली वेगवेगळ्या, चालीरीती वेगवेगळ्या. शांघायला आल्यावर ते सगळे ‘सूबेई’ झाले, कारण शांघायला तसं एक नाव हवं होतं.

यात सगळ्यात विचित्र गत झाली यांगचौची. हे शहर यांगत्सेच्या उत्तर काठाजवळ, राजकालव्यावर. अठराव्या शतकात मिठाच्या व्यापाऱ्यांनी इथे बागा बांधल्या, नाटकमंडळ्या पोसल्या. तेव्हा यांगचौ म्हणजे च्यांगनानचा थाट, नदीच्या उत्तरेला असूनही. मग मिठाची मक्तेदारी मोडली, कालवा मागे पडला, युद्धं झाली. आणि त्याच यांगचौचे लोक शांघायला जाऊन न्हावी झाले, आचारी झाले, हमामखान्यात लोकांच्या पायाची निगा राखू लागले. ‘यांगचौचे तीन चाकू’ असा वाक्प्रचार आहे: स्वयंपाक्याची सुरी, न्हाव्याचा वस्तरा आणि पायाची कातडी तासायचं हत्यार. शहर तिथेच, नदी तिथेच. शंभर वर्षांत ते च्यांगनानमधून निघून सूबेईत गेलं.

जाता जाता, ‘यांगत्से’ हे नावही याच परिसरातलं. चिनी लोक या नदीला छांगच्यांग म्हणतात, लांब नदी. यांगत्से हे फक्त यांगचौजवळच्या पट्ट्याचं नाव. परदेशी लोक समुद्राकडून आले, पहिल्यांदा ते नाव कानावर पडलं, आणि त्यांनी सहा हजार किलोमीटरच्या अख्ख्या नदीला ते देऊन टाकलं. आपणही तेच म्हणतो.

पीत नदीबद्दल थोडक्यात सांगतो. तिथे नावं स्थिर राहिली, तर नदीच हलली. १८५५ मध्ये तिने पात्र बदललं आणि शानदोंगच्या दक्षिणेऐवजी उत्तरेकडून समुद्राला मिळू लागली. आज हेनान, म्हणजे ‘नदीच्या दक्षिणेचा’ प्रांत, नदीच्या दोन्ही बाजूंना आहे. आन्यांग, जिथे शांग राजांची राजधानी उकरून काढली, ते नदीच्या बरंच उत्तरेला. आणि हेबेई, ‘नदीच्या उत्तरेचा’ हे नाव त्या प्रांताला १९२८ मध्ये दिलं, त्याला आज पीत नदी कुठेच लागत नाही.

आता एक नाव तुमच्या गल्लीतल्या गाडीवरचं. शेजवान! शेजवान नूडल्स, शेजवान चटणी, हल्ली शेजवान डोसासुद्धा. हा शब्द म्हणजे सिचुआनचं जुनं रोमन रूप. (गाडीवरच्या त्या चटणीचा आणि सिचुआनच्या स्वयंपाकाचा संबंध नावापुरताच, पण तो वेगळा विषय.) सि म्हणजे चार आणि चुआन म्हणजे नदी किंवा मैदान. म्हणून सर्रास सांगितलं जातं की सिचुआन म्हणजे चार नद्यांचा प्रदेश, आपल्या पंजाबसारखा. ऐकायला छान आहे, पण तसं नाही. थांग काळात तिथे पूर्व चुआन आणि पश्चिम चुआन अशी लष्करी ठाणी होती. पुढे सोंग सम्राटांनी १००१ मध्ये त्या मुलखाचे चार सुभे केले. सुभ्याला शब्द होता ‘लू’, म्हणजे वाट. ‘चुआनकडचे चार सुभे’ याचं लघुरूप सिचुआन. नद्या मोजायला गेलात तर चारपेक्षा कितीतरी जास्त निघतील, आणि कोणत्या चार यावर लोक भांडत बसतात. खरा आकडा नद्यांचा नाही, कचेऱ्यांचा आहे.

याच जातीचं हुग्वांग. युआन काळात हुग्वांग नावाचा एक भलामोठा प्रांत होता, त्यात तळ्याकाठचा मुलूख आणि दक्षिणेचा ग्वांगशी, दोन्ही होते. मिंगने ग्वांगशी वेगळा काढला, पण उरलेल्या प्रांताचं नाव हुग्वांगच ठेवलं. ग्वांग गेला, नावात राहिला. पुढे हुबेई आणि हुनान झाल्यावरही त्यांच्यावरच्या बड्या अधिकाऱ्याचं पद हुग्वांगचं म्हणूनच चालू राहिलं, थेट १९११ च्या क्रांतीपर्यंत.

इथवर आपण आतली नावं पाहिली. आता खुद्द चीनचं नाव, आणि इथे आपला भारत मध्ये येतो.

चीनला चिनी लोक चोंगग्वो म्हणतात. मधला देश. १९६३ मध्ये शाआनशीतल्या बावजी इथे एक काशाचं भांडं सापडलं, तीन हजार वर्षांपूर्वीचं. त्यावरच्या लेखात चोंगग्वो हे शब्द आहेत, आणि आतापर्यंत सापडलेला हा त्यांचा सगळ्यात जुना वापर. तिथे त्याचा अर्थ अख्खा देश नाही, आजच्या लुओयांगच्या आसपासचा मध्यवर्ती मुलूख एवढाच आहे. पुढे अर्थ वाढत गेला: पीत नदीकाठची राज्यं, मग सम्राटाचा मुलूख, मग १६८९ मध्ये रशियाशी झालेल्या नेर्चिन्स्कच्या तहात देशाचं नाव.

पण बौद्ध भिक्षूंच्या लेखी चोंगग्वो म्हणजे कोणता देश होता, माहीत आहे? फाश्यान, आपल्या पुस्तकांतला फाहियान, इ. स. ३९९ मध्ये चीनहून पायी निघाला. मथुरेच्या दक्षिणेपासून पुढच्या मुलखाला तो म्हणतो चोंगग्वो. हे ‘मध्यदेश’ या संस्कृत शब्दाचं सरळ भाषांतर आहे. आणि स्वतःच्या देशाला, चीनला, तो काय म्हणतो? सीमेवरचा मुलूख. बुद्ध जिथे जन्मला, फिरला, तो जगाचा मध्य, आम्ही काठावरचे. त्याचा सोबती दावचंग तर भारतातच राहिला, पुन्हा काठावरच्या देशात जन्म नको म्हणून. ‘चीन स्वतःला नेहमीच जगाचं केंद्र समजत आला’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो. त्याच दोन अक्षरांनी एक चिनी माणूस मगधाचं वर्णन करत होता.

त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी श्वानझांग, म्हणजे आपला ह्युएनत्संग. ६४६ मध्ये पुरं झालेल्या त्याच्या ग्रंथाच्या नावात ‘शीयू’ हा शब्द आहे, पश्चिमेकडचे प्रदेश. शीयू हा हान काळातला शब्द, तेव्हा त्यात मुख्यतः येत ती वाळवंटाच्या कडेची मरूद्यानं, काशगर, खोतान वगैरे. श्वानझांगच्या शीयूमध्ये सगळा भारत आहे. महाराष्ट्रही आहे, मोहोलाचा या नावाने, पुलकेशीच्या राज्याचं आणि तिथल्या मानी, सूड न विसरणाऱ्या लोकांचं वर्णन करून. म्हणजे एकेकाळी नाशिक-अजिंठा हेही चिनी भाषेत ‘पश्चिमेकडच्या प्रदेशात’ होते! शीयू हा चीनचा जुना मुलूख, असं कुणी नुसत्या नावावरून म्हणू लागला तर त्याला हे पान दाखवावं.

आणि हा विनोद म्हणून सांगत नाही. मरूद्यानांच्या त्या मुलखावर छिंगने १७५९ पर्यंत ताबा मिळवला आणि १८८४ मध्ये त्याचा शिंज्यांग नावाचा प्रांत केला. शिंज्यांग म्हणजे नवी सीमा, नवा मुलूख. त्याआधी ग्वेचौमधल्या म्याव लोकांचा जिंकलेला भागही सरकारी कागदांत ‘शिंज्यांग’ होता. तो जुना झाला, नाव गळून पडलं. पश्चिमेकडच्या या भागाला ते कायमचं चिकटलं.

शेवटचं नाव तिबेटचं, आणि याच्यावरच आज सगळ्यात जास्त अवलंबून आहे. मध्य तिबेटचे दोन भाग: ऊ, ज्यात ल्हासा येतं, आणि त्सांग, ज्यात शिगात्से. मिंग काळच्या चिनी कागदांत या जोडीचं ‘वूसीझांग’ झालं. छिंग काळात ‘शीझांग’ आलं, म्हणजे पश्चिमेकडचं त्सांग. आजचं शीझांग म्हणजे १९६५ मध्ये स्थापन झालेला तिबेट स्वायत्त प्रदेश. तिबेटी लोक ज्याला आपला देश म्हणतात त्यात याखेरीज आम्दो आणि खाम येतात. आम्दोचा मोठा भाग आज छिंगहाय प्रांतात आहे, खामचा बराच भाग आपण मघाशी पाहिलेल्या त्या सिचुआनमध्ये. दलाई लामांचा जन्म १९३५ चा, ताक्त्सेर गावचा. ते गाव छिंगहायमध्ये आहे. म्हणजे शीझांग या शब्दाने बोललात तर दलाई लामा शीझांगचे नाहीतच!

२०२३ पासून चिनी सरकार इंग्रजी कागदपत्रांतही ‘तिबेट’ऐवजी ‘शीझांग’ वापरू लागलंय. बऱ्याच जणांना वाटलं, उच्चाराचा प्रश्न आहे, आपण बॉम्बेचं मुंबई केलं तसं. पण मुंबई म्हटल्याने शहराची हद्द बदलली नाही. इथे दोन शब्दांखालचा मुलूखच वेगळा आहे. आणि त्याच अक्षरापासून केलेला दुसरा शब्द आहे ‘झांगनान’. नान म्हणजे दक्षिण, हे आता तुम्हाला येतं. त्सांगच्या दक्षिणेला, अर्थात आपलं अरुणाचल. २०१७ पासून चीन तिथल्या गावांना, डोंगरांना, नद्यांना स्वतःची नावं देऊन याद्या काढतोय. पहिल्या यादीत ६ नावं होती, २०२४ च्या यादीत ३०. भारताने प्रत्येक वेळी त्या फेटाळल्या. अरुणाचल हे नाव आपणही १९७२ मध्ये दिलं, त्याआधी ते नेफा होतं, म्हणजे ईशान्य सीमा एजन्सी. ईशान्य कुणाची, तर दिल्लीची.

हा वाद नवा नाही. ऑक्टोबर १९१३ ते जुलै १९१४ सिमल्याला ब्रिटिश, तिबेटी आणि चिनी प्रतिनिधी एका टेबलाशी बसले होते. मॅकमहॉन रेषेमुळे आपल्याला ती परिषद आठवते. पण ती मोडली ती मॅकमहॉन रेषेवरून नव्हे. तिबेटचे प्रतिनिधी लोंचेन शात्रा म्हणत होते, तिबेट पूर्वेला दार्चेदोपर्यंत आहे, म्हणजे आजच्या सिचुआनमधल्या कांगदिंगपर्यंत. चिनी प्रतिनिधी इवान चेन म्हणत होते, चीन पश्चिमेला ग्यामदापर्यंत आहे, म्हणजे ल्हासाच्या बरंच जवळ. शेकडो किलोमीटरचा फरक. मॅकमहॉन यांनी तोडगा काढला: ‘आतला तिबेट’ आणि ‘बाहेरचा तिबेट’. चीनला लागून तो आतला, लांबचा तो बाहेरचा. म्हणजे ल्हासा झालं बाहेरच्या तिबेटात! इवान चेन यांनी मसुद्यावर आद्याक्षरं केली, त्यांच्या सरकारने ती दोन दिवसांत नाकारली.

आज प्रांतांबद्दल एवढंच. बीजिंगचं नाव मधली वीस वर्षं बेइपिंग का होतं आणि ‘दक्षिणेची राजधानी’ असलेलं नानजिंग आज राजधानी का नाही, ते पुढच्या भागात बघू.